‘पाणी नाही म्हणून जातो’ : ऊसतोडीच्या स्थलांतरावर काम करताना सगळे एकच उत्तर देतात तेव्हा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या स्थलांतरावर तुमची पीएचडी चालू आहे. गाईडनी ‘एथ्नोग्राफी करा’, म्हणजे लोकांमध्ये वावरून, त्यांचं रोजचं जगणं बघून अभ्यास करा, असं सांगितलंय. साठ प्रश्नांची प्रश्नावली घेऊन तुम्ही दोन गावांत चाळीस मुलाखती केल्यात आणि चाळीसही जण तेच सांगतात. पाऊस नाही, रान कोरडवाहू, लेकीच्या लग्नाचं कर्ज, पोरांची शिक्षणं, म्हणून जावं लागतं. लोक मोकळे व्हावेत म्हणून काय करावं, कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या तळावरच्या झोपडीत, जाऊन राहावं का आणि हाताशी तीनच महिने असताना हे सगळं जमेल का, असं तुम्ही विचारताय.

लोक खोटं बोलतायत किंवा तुमच्यावर विश्वास ठेवत नाहीत, असं मला तरी यातून दिसत नाही. ‘का जाता?’ हा प्रश्न त्या गावांत इतक्या जणांनी इतक्या वेळा विचारलाय की त्याचं उत्तर घासून घासून गुळगुळीत झालंय. संस्थांची माणसं येऊन गेली, पत्रकार आले, एमएसडब्ल्यूची, म्हणजे समाजकार्य शिकणारी, पोरं दरवर्षी येतात, मतदानाच्या तोंडावर पुढारी येतात. २०१९ मध्ये ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली, जिल्ह्यात सुमारे ८२ हजार बायकांची पाहणी झाली आणि त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. विषय गंभीर होता आणि आहे. पण त्यानंतर बरेच दिवस त्या पट्ट्यात एखाद्या वाडीवर परका माणूस उतरला की बायका आपण होऊनच सांगायच्या, ‘माझी काढलीय, हिची नाही काढली, पुढच्या घरी जा.’ एका बाईंनी तर मी तोंड उघडायच्या आधीच दवाखान्याची फाइल आणून पुढ्यात ठेवली. मी त्या घरी फक्त पाणी प्यायला थांबलो होतो.

म्हणून त्या चाळीस मुलाखती फेकून देऊ नका. बाहेरून आलेल्या माणसाला आपल्या जाण्याबद्दल काय सांगायचं असतं, हे त्यांत नीट नोंदलं गेलंय. त्यावर एक चांगलं प्रकरण होईल. फक्त त्याला ‘स्थलांतराची कारणं’ असं नाव देऊ नका.

माझी स्वतःची या उत्तरातून सुटका एका आजींमुळे झाली. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली एक वाडी. दिवाळी होऊन पंधरा दिवस झालेले आणि दहातल्या सात घरांना कुलपं. मी चुकीच्या वेळी पोचलो होतो. ज्यांच्या मुलाखती घ्यायच्या ते सांगली-कोल्हापूरकडे आणि काही जण बेळगावकडे निघून गेलेले. एका ओट्यावर एक आजी शेंगा फोडत बसल्या होत्या आणि कमरेला सुतळीत ओवलेल्या सहा किल्ल्या होत्या. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, ‘आजी, एवढ्या किल्ल्या कुणाच्या?’

त्यांनी सुतळी सोडली आणि एकेक किल्ली बोटानं बाजूला सारत सांगायला लागल्या. ‘ही थोरल्याची. ही मधल्याची. ही पुतण्याची, पण त्याच्या बायकूला ठावं न्हाई माझ्यापाशी हाय म्हणून. धाकटीची न्हाई यात, तिनं तिच्या भावाकडं दिलीय. गेल्या साली बाजरीचं पोतं हललं म्हणती.’ थोरल्याच्या किल्लीशी आल्यावर कळलं की त्याला सहा एकर रान आणि विहीर आहे, पाणी माघापर्यंत पुरतं. मग तो का जातो? ‘बैलं रिकामी उभी ऱ्हात्यात की.’ आणि मधलीबद्दल बोलताना त्या स्वतःच हसल्या. ‘तिला तर दसऱ्याच्या आधीपासून घाई. तिथं सासू नसती ना.’ हे सांगणारी बाई तीच सासू.

अर्ध्या तासात मला भावकीतली भांडणं कळली, कुणाचं धान्य कुठं ठेवलेलं असतं ते कळलं, कोणाच्या पोरी मागं राहिल्या आणि कोणाच्या बरोबर गेल्या ते कळलं. सासूपासून सुटका हे जाण्याचं एक कारण असू शकतं, हेही कळलं. माझ्या प्रश्नावलीत कारणांच्या रकान्यात अकरा पर्याय होते आणि अकरावा ‘इतर’ होता. आजींचं सगळं बोलणं त्या ‘इतर’मध्ये गेलं असतं.

तेव्हापासून मी कारण विचारणं जवळजवळ सोडून दिलंय. वस्तूंबद्दल विचारतो, काल-परवाबद्दल विचारतो, माणसांच्या नावानिशी विचारतो. किल्ली कुणाकडे ठेवता, रेशनकार्ड बरोबर नेता की इथंच राहतं, या वर्षी शेळ्या कुणाच्या दावणीला, गेल्या साली कुठल्या मुकादमाकडे (मजुरांची टोळी जमवून नेणाऱ्याकडे) होतात आणि यंदा का बदलला, बरोबर नेलेली बाजरी कोणत्या महिन्यात संपली. माणसाला स्वतःच्या आयुष्याची कारणमीमांसा करायला लावली की तो भाषण करतो. त्याला वस्तूचा ठावठिकाणा विचारला की तो ओघात बाकीचं सांगून जातो.

आता उचलीबद्दल, म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ पैशांबद्दल, कारण तुमच्या प्रश्नावलीत तिच्यावर एकच प्रश्न आहे: ‘उचल किती घेतली?’ तुमच्या जागी मी असतो तर सगळा अभ्यास याच धाग्यावर ओवला असता. आकडा सगळ्यात शेवटी विचारा. आधी हे बघा की उचल किती हप्त्यांत आली, पहिला हप्ता कोणत्या महिन्यात, तो कुणाच्या हातात पडला आणि पहिल्या दिवशी त्यातलं काय खर्च झालं. एका घरी पहिल्या हप्त्यातून आधीच्या मुकादमाची बाकी फिटली होती. म्हणजे पैसे घरात आलेच नव्हते, एका वहीतून दुसऱ्या वहीत गेले होते. दुसऱ्या घरी त्यातून मेव्हण्याला उसने दिले होते. कारण मेव्हणा पुढच्या वर्षी टोळी काढणार होता आणि त्याच्या टोळीत जागा हवी होती. इथं कर्ज, नातं आणि रोजगार वेगळे काढताच येत नाहीत.

मुकादमाची वही बघायला मिळाली तर नशीब समजा. मला पहिल्यांदा मिळाली ती चौथ्या हंगामात. एका जोडप्याच्या नावाचं पान होतं. वर उचल, मग तारखा टाकून ‘बाजार’, ‘बाजार’, ‘दवाखाना’, ‘बाजार’, मधे तीन ठिकाणी ‘खाडा’ (कामावर न आलेल्या दिवसाचे कापलेले पैसे), एके ठिकाणी ‘मयत, गावी गेले’ आणि त्या मयताच्या दोन दिवसांपुढेसुद्धा खाड्याचे पैसे लावलेले. त्या एका पानावर कोपीवरचे पाच महिने मावले होते. बाईचं नाव त्या पानावर कुठंच नव्हतं, तरी पान दोघांच्या कामाचं होतं. तुम्हाला माहीतच असेल, एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी आणि एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल कोयत्यावर मिळते. त्यामुळे ‘लग्नाच्या कर्जासाठी उसाला जातो’ हे जितकं खरं आहे तितकंच ‘उसाला जायचं म्हणून लग्न लवकर उरकलं’ हेही खरं असतं. मुलाखतीत पहिलं सांगतात. दुसरं तुम्हाला घरातल्या लग्नांच्या तारखा आणि उचलीच्या तारखा शेजारी शेजारी मांडल्यावर दिसेल.

आकडेवारीचा मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, पण व्हायव्हात कोणीतरी विचारणारच की सरकारी पाहण्या असताना तुमच्या वीस-पंचवीस घरांतून काय निघणार. उत्तर तयार ठेवा. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २००७-०८ च्या ६४व्या फेरीत अल्पकालीन स्थलांतरित कोणाला म्हणायचं याची व्याख्या होती: गेल्या ३६५ दिवसांत कामासाठी एक महिना किंवा त्याहून जास्त, पण सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर राहिलेला माणूस. आता ऊसतोडीचा हंगाम बघा. ऊस कमी असला की काही कारखान्यांचा पट्टा मार्चमध्येच पडतो, म्हणजे हंगाम संपतो. २०२१-२२ला ऊस इतका होता की काही कारखाने जूनपर्यंत चालले. तेच कुटुंब, तोच कोयता, पण एका वर्षी व्याख्येत बसतं आणि दुसऱ्या वर्षी बाहेर पडतं. शिवाय पाहणीवाला माणूस डिसेंबरात गावात आला तर त्याला कुलूप दिसतं आणि कोपीवर तर कोणी पाहणीला येतच नाही. जनगणना जन्मठिकाण आणि मागचं राहण्याचं ठिकाण विचारते, त्यामुळे तिच्या स्थलांतराच्या तक्त्यांत सगळ्यात जास्त दिसतात त्या लग्न होऊन नांदायला आलेल्या बायका. दरवर्षी जाऊन परत येणारा माणूस त्या तक्त्यांत मावत नाही. मोठ्या आकड्यांना कमी लेखायचं म्हणून मी हे सांगत नाहीये. ज्या जागी आकड्यांची चाळणी मोठी पडते, तिथं तुमचं काम आहे, एवढंच.

आता प्रवेशाचं. तुम्ही लिहिलंय की कारखान्याच्या शेतकी विभागातले एक ओळखीचे गृहस्थ तुम्हाला टोळ्यांपर्यंत पोचवायला तयार आहेत. नको. निदान पहिल्या फेरीला तरी नको. तुम्ही कोणाच्या गाडीतून उतरलात हे कोपीवरच्या प्रत्येकानं पाहिलेलं असतं. माझा पहिला फड मी मुकादमाच्या मोटारसायकलवर मागं बसून गाठला आणि तीन आठवडे मला एकानंही खाड्याचं नाव सांगितलं नाही. मी समजत होतो की त्या टोळीत खाडाच लावत नाहीत. तसं टिपणातही लिहिलं होतं. दुसऱ्या वेळी मी गावातल्या एका शिक्षकांची चिठ्ठी घेऊन गेलो, तर लोक मला पोरांच्या हजेरीसाठी आलेला समजून मुलं उसात लपवायला लागले. निष्पक्ष दार कुठंच नसतं. कोणत्या दारानं गेलं की काय दिसत नाही हे माहीत असलं की पुष्कळ झालं. त्यातल्या त्यात चांगलं दार म्हणजे गावात मागं राहिलेला कुणीतरी नातेवाईक. आजींनी थोरल्यासाठी शेंगांचं गाठोडं दिलं आणि ते पोचवायला मी कोल्हापूर जिल्ह्यात गेलो, तेव्हा पहिल्यांदा कोपीवर कुणी मला ‘कशासाठी आलात’ असं विचारलं नाही. उत्तर हातातच होतं.

गावातून कोपीवर, कोपीवरून परत गावात असं माणसांच्या आणि गाठोड्यांच्या मागं जाण्याला शास्त्रीय आधार हवा असेल तर मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज मार्कस यांनी १९९५ मध्ये एकापेक्षा जास्त ठिकाणी चालणाऱ्या एथ्नोग्राफीबद्दल लिहिलंय, तो संदर्भ गाईडना चालेल. माझ्या मते ऊसतोडीच्या अभ्यासात हा पर्याय नाहीच, ते सक्तीचं आहे. नुसत्या गावात बसलं तर कुलपं दिसतात आणि नुसत्या कोपीवर बसलं तर मजूर दिसतात.

कोपीवर राहावं का? हे खरंच परिस्थितीवर आहे. तुम्ही एकट्या असणार की बरोबर कुणी, गावकुसापासून तळ किती लांब, तिथं ओळखीची बायामाणसं आहेत का, यावर ठरवा. माझं मत राहू नये असं आहे, आणि ते सुरक्षिततेपेक्षा वेगळ्या कारणासाठी. कोपी म्हणजे बांबूच्या तट्ट्यांचा आणि प्लॅस्टिकचा जेमतेम पाच-सहा जणांना निजायला पुरणारा आडोसा. तुम्ही आलात की त्यातल्या एकाला बाहेर झोपावं लागतं, तुमच्यासाठी पाण्याची एक घागर जास्त आणावी लागते, आणि घागर आणणारी बाई पहाटे तीनपासून उठलेली असते. तुम्ही पाहुण्या होता. पाहुण्यासमोर माणसं भांडत नाहीत. जवळच्या गावात खोली घ्या, पहाटे तळावर जा, दुपारी लांब राहा, संध्याकाळी चुली पेटल्या की पुन्हा या. दुपारी फडात मुलाखती घेऊ नका. टोळीत टनाचे पैसे कोयत्याप्रमाणे वाटून घेतले जातात, त्यामुळे तुमच्याशी बोलत उभ्या राहिलेल्या बाईकडे बाकीचे कोयते बघत असतात.

‘सहभाग’ या शब्दानं मला एकेकाळी बराच त्रास दिलाय. पुस्तकात सहभागी निरीक्षण लिहिलेलं असतं म्हणून मी एकदा मोळी बांधायला बसलो. मी बांधलेली मोळी फळीवरून ट्रकात चढणाऱ्या बाईच्या डोक्यावर सुटली. ऊस तिच्या खांद्यावरून खाली आला, सुदैवानं लागलं नाही. ती काही बोलली नाही. पुन्हा सगळे ऊस गोळा केले, बांधले, चढली. त्या खेपेला उशीर झाला तो माझ्यामुळे. आपल्या अडाणीपणाची किंमत दुसऱ्याच्या टनात मोजली जाणार असेल तिथं हात लावू नये, असं मी तेव्हापासून पाळतो.

मग आपण करायचं काय? माझ्या वाट्याला एक काम आपोआप आलं आणि त्यातूनच माझ्या हातून सगळ्यात मोठी चूक झाली. बैलगाडीवाल्यांना कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक खेपेची वजनपावती मिळते. ट्रॅक्टरच्या टोळीसारखं तिथं वजन सगळ्यांत वाटलं जात नाही, ज्याची गाडी त्याचं वजन. मला पावत्या वाचता यायच्या, म्हणून संध्याकाळी लोक त्या घेऊन यायचे. मी वाचून दाखवायचो, बेरीज करून द्यायचो. चहा मिळायचा, गप्पा व्हायच्या, वही भरायची. मी खूश होतो. एका जोडप्याच्या पंधरवड्याच्या पावत्या मी मोठ्यानं बेरजून दाखवल्या, तेव्हा मुकादमाच्या वहीत तीन टन कमी निघाले. त्या रात्री तळावर भांडण झालं. मुकादमानं तीन टन भरून दिले. पुढच्या वर्षी त्या जोडप्याला त्यानं घेतलं नाही आणि ते दुसऱ्याकडे कमी उचलीवर गेले. मी तोवर माझ्या खोलीत बसून ‘प्रतिकाराचे दैनंदिन प्रकार’ अशा मथळ्याचं प्रकरण लिहीत होतो.

बेरीज सांगायला नको होती असं मी आजही म्हणणार नाही. पण ती मोठ्यानं, चारचौघांत, त्यांना न विचारता सांगायला नको होती. आता मी आकडा कागदावर लिहून ज्याची पावती त्याच्या हातात देतो आणि गप्प बसतो. त्याचं काय करायचं ते त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

बायकांशी बोलण्याबाबत मी फार सांगू शकत नाही, कारण पुरुष असल्यामुळे मला अर्धं कोपीवरचं जगणं दिसलंच नाही. आंघोळ कधी आणि कशाच्या आडोशानं होते, पाळीच्या दिवसांत काय करतात, रात्री-अपरात्री गाडी भरायला बोलावलं की लहान पोर कुणापाशी ठेवतात, हे मला एका सहकारी ताईंच्या टिपणांतून कळलं. तुम्हाला ती अडचण नाही. मात्र ‘बाईशी बाई बोलेलच’ हे गृहीत धरू नका. तुमचं वय, लग्न झालंय की नाही, आडनाव, हे सगळं पहिल्या दहा मिनिटांत विचारलं जाईल आणि त्यावरून तुमच्यापाशी काय बोलायचं ते ठरेल.

आडनावावरून आठवलं. जात विचारू नका, बघा. तळावर कोप्यांच्या रांगा कशा लागल्यात, हातपंपाशी कोण कोणाच्या आधी भरतं, बोकड कापलं तर वाटा कुठपर्यंत जातो. इरावती कर्वे पंढरीच्या वारीला चालत गेल्या तेव्हा एकत्र चालणाऱ्या आणि एकत्र अभंग म्हणणाऱ्या माणसांच्या पंगती मात्र वेगवेगळ्या बसतात, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. त्या स्वतः त्या दिंडीत होत्या, म्हणून ते नुसतं निरीक्षण राहिलं नाही, त्यांनाही ते खुपलं. कोपीवरही तसंच आहे. दिवसभर एका फडात वाकलेली माणसं संध्याकाळी कुठं कुठं पांगतात ते आठवडाभर रोज कागदावर काढा. नकाशा म्हणून काढा, वाक्यं नकोत.

टिपणांवर तुम्ही काहीच विचारलं नाहीये आणि नेमकी तिथंच बहुतेकांची पीएचडी अडते. एका विद्यार्थ्याच्या वहीत मी वाचलं होतं: ‘महिलांवर कामाचा दुहेरी बोजा आढळतो.’ हे वाक्य तो घरी बसूनही लिहू शकला असता. त्याला म्हटलं, परत जा आणि एका बाईची एकच पहाट लिहून आण. त्यानं आणलेली नोंद अशी होती: ‘३.४० उठली. चूल. पीठ रात्रीच मळून ठेवलेलं. भाकरी अकरा, त्यातल्या सात फडक्यात. नवरा ४.१० ला उठला, बैलं सोडली. ४.२५ पोराला झोपेतच उचलून गाडीत टाकलं, वर गोधडी. स्वतः चहा प्यायली नाही. गाडी हलल्यावर प्यायली.’ दुहेरी बोजा हा शब्द त्यात नाही. तो वाचणाऱ्याला आपोआप दिसतो.

रोज रात्री लिहा, कितीही झोप आली तरी. दुसऱ्या दिवशी दुपारी लिहिलेलं टिपण हे आठवणीचं असतं. बोललेले शब्द जसेच्या तसे, अवतरणात. ‘आर्थिक अडचण आहे असे सांगितले’ असं लिहू नका, ती ‘हात तंग हाय’ म्हणाली की ‘औंदा ओढाताण हाय’ म्हणाली ते लिहा. तुमचा राग, कंटाळा, भीती वेगळ्या वहीत. मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांची खासगी डायरी त्यांच्या मृत्यूनंतर १९६७ मध्ये छापली गेली आणि त्यातली चिडचिड वाचून बऱ्याच जणांना धक्का बसला. मला तर दिलासा वाटला होता. आणि टिपणांची एक प्रत दुसऱ्या गावी ठेवा. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या एका खेड्यात केलेल्या कामाची वर्षानुवर्षं लावत आणलेली टिपणं १९७० मध्ये अमेरिकेत ते ज्या संस्थेत लिहायला बसले होते तिथं लावलेल्या आगीत गेली, तिन्ही प्रती एकाच इमारतीत होत्या. त्यांनी मग आठवणीतून पुस्तक लिहिलं आणि ते उत्तम झालं. तुमचं-माझं होईल याची खात्री नाही.

संमतीपत्राबद्दल एक सावधगिरी. विद्यापीठाच्या समितीला सहीचा किंवा अंगठ्याचा कागद लागतो. पण या लोकांनी आयुष्यात ज्या कागदावर अंगठा दिलाय तो बहुतेक वेळा उचलीचा असतो, कधी कोरा स्टॅम्प असतो. तुम्ही शाईचा पॅड पुढं केलात की त्यांना तुम्ही कोण वाटाल ते बघा. तोंडी संमती आवाजात नोंदवायची परवानगी समितीकडून आधीच घ्या, बहुतेक समित्या कारण पटलं की देतात. आणि नावं बदलली म्हणजे झालं असं नाही. ‘स्वतः टोळी चालवणारी विधवा’ एवढं लिहिलंत तरी तीन तालुक्यांत कुणाबद्दल आहे ते कळेल. मी असे तपशील दुसऱ्या माणसावर घालत नाही, सरळ गाळतो. प्रकरण थोडं फिकं होतं. होऊ दे.

राहिला तीन महिन्यांचा प्रश्न. सलग तीन महिने कोपीवर घालवलेत तर तुम्हाला ऊसतोडीचं काम समजेल, स्थलांतर समजणार नाही. फेलोशिप आणि हजेरीचे नियम परवानगी देत असतील तर तुकडे करा. दसऱ्याआधीचे तीन आठवडे गावात, उचलीचा शेवटचा हप्ता आणि टोळ्यांची जुळवाजुळव बघायला. मग जानेवारीत पाच-सहा आठवडे कोपीवर. नवखेपणा गेलेला असतो, आजारपणं सुरू झालेली असतात आणि फिटलं किती, बाकी किती याची चर्चा रोज रात्री होते. मग पट्टा पडल्यावर तीन आठवडे परत गावात, कारण हिशोब तेव्हा होतो, उरलेली बाकी तेव्हा कळते आणि लग्नंही तेव्हाच असतात. तुकडे करता येणार नसतील तर मी दसऱ्याआधीचा काळ निवडेन. बहुतेक जण कोपी निवडतात, फोटो तिथले चांगले येतात म्हणून.

चाळीस घरं नकोत. बारा घ्या, तीही त्या चाळिसांतली. त्यांच्याकडे प्रश्नावली न घेता पुन्हा जा. दोघींना-तिघांना आश्चर्य वाटेल की तुम्ही परत आलात, कारण प्रश्न विचारणारी माणसं सहसा परत येत नाहीत. मानधन देऊ नका, पण कुणाचा रोज बुडवलात तर तो भरून द्या. फोटो काढलेत तर छापून नेऊन द्या. मोबाइलवर पाठवलेले चालत नाहीत, भिंतीला लावायचे असतात.

आणि निघायच्या दिवशी, म्हणजे ट्रॅक्टरची ट्रॉली दारात उभी असते आणि चूल, सरपण, बाजरीची पोती, गोधड्या, कोंबड्या, पोरं सगळं एकावर एक चढत असतं तेव्हा, वही पिशवीतच राहू द्या. तुम्ही रिकाम्या हातानं उभ्या दिसलात की कुणीतरी पाय बांधलेली एखादी कोंबडी तुमच्या हातात देईल आणि ‘धरा जरा’ म्हणेल. धरा. कुलूप लावून झाल्यावर त्या बाई किल्ली घेऊन कोणत्या दिशेला जातात, ते कोंबडी धरूनही दिसतं.